उजव्या खांद्यावरचं फूल

कौसल्या लहानपणी कशालाच भ्यायची नाही. तिचं माहेर देवगडच्या बाजूचं. काजूच्या रानात बिया वेचताना पायाजवळून फुरसं सरकत गेलं तरी ती नुसती थबकायची, ते गेलं की पुढचं पाऊल टाकायची. लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत आली, तेव्हा गॅलरीतून दिसणारी मिलची चिमणीसुद्धा तिला परसातल्या माडाहून फार मोठी वाटली नाही. भीती तिला पुढे शिकवली ती एका किड्याने, आणि तो किडा तिच्या करंगळीच्या नखावर मावला असता.

साल ब्याऐंशीचं. जानेवारीत संप सुरू झाला. तिचा नवरा जयवंत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होता, चौदा वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभा राहून त्याचा उजवा कान जड झाला होता. संपाचे पहिले दिवस सणासारखे गेले. एरवी पाळीप्रमाणे झोपणारे-उठणारे पुरुष दिवसाउजेडी गॅलरीत दिसू लागले. चिमणीचा धूर थांबला, दांडीवरचं धोतर पांढरं वाळू लागलं, आणि बायका एकमेकींना ते दाखवू लागल्या. भोंगा बंद झाला तसा चाळीचा दिवस मात्र सैल पडला. कधी चूल पेटवायची, कधी विझवायची, काही कळेना. शिमगा झाला, पाडवा झाला. डब्यातले तांदूळ तळाला गेले तेव्हा कौसल्येने दोन्ही मुलांना आईकडे गावी धाडलं, आणि वैशाखात एका पहाटे ती शेजारच्या आनंदीबाईंच्या मागे फुलं आणायला दादरला गेली.

आनंदीबाई मूळच्या गिरगावातल्या वाडीतल्या. नवरा गेल्यापासून गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळापाशी हार-वेण्या घेऊन बसत, त्याला तीस वर्षं झाली होती. त्यांनी कौसल्येला सुई धरायला शिकवलं, दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून गाठ मारायला शिकवलं. आठ दिवसांत तिचा हात बसला.

नवव्या दिवशी तिने टोपलीतलं एक पांढरं शेवंतीचं फूल उचललं. फुलावर मधमाशी होती. कौसल्येने फुंकर मारली. माशी उडाली नाही. तिने बोटाने टिचकी मारली, तरी माशी डोकं पाकळ्यांत खुपसून मध पीत असल्यासारखीच राहिली. आणि मग तिच्याखालची एक पाकळी हलली. पाकळीला पाय होते.

कौसल्येने फूल लांब फेकून दिलं.

आनंदीबाई हसल्या, पण हातातली सुई थांबली नाही. "जी माशी उडवून उडत नाही ना, पोरी, तिच्याखाली बघायचं असतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते फूल उचलून आणलं आणि तिला जवळून दाखवलं. कोळीच होता तो, पण घरातल्या कोळ्यासारखा नव्हे. जाळं नाही, धागा नाही, धावपळ नाही. पोट फुगीर, पांढरं, मेणाचं केल्यासारखं. पुढचे चार पाय मागच्यांपेक्षा लांब, आणि ते दोन्ही बाजूंना पसरलेले, पाहुण्याला कवेत घ्यायला कुणी दारात उभं असावं तसे. आनंदीबाईंनी काडी लावली तेव्हा तो पुढे न जाता आडवा चालला. "कुर्ली," कौसल्या म्हणाली. खाडीच्या चिखलात असतो तसा खेकडा, फक्त फुलात राहणारा. तिने त्याला तेच नाव दिलं.

माणसाला तो काही करत नाही, आनंदीबाई सांगत होत्या, फार तर मुंगी चावल्याएवढं. आणि बसल्या जागेचा रंग घेतो. मागे एकदा त्यांनी गंमत म्हणून पांढरा कोळी पिवळ्या शेवंतीवर सोडला होता, आठवडा व्हायच्या आत तो हळदीसारखा पिवळा झाला. कौसल्या ऐकत होती, पण तिची नजर त्या माशीवर होती. चावण्याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. माशी रोजच्या फुलावर आली होती. फूल ओळखीचं होतं, वास ओळखीचा होता. तिथे कुणीतरी हात पसरून बसलंय हे तिला शेवटपर्यंत कळलं नसणार.

त्या दिवसापासून ती प्रत्येक ओंजळ ओल्या गोणपाटावर झटकून घेऊ लागली. आनंदीबाईही झटकत, पण सवयीने. कौसल्या झटकायची ती जिवाच्या भीतीने. पडलेले कोळी आनंदीबाई मारत नसत. त्यालाही पोट आहे, म्हणत आणि देवळामागे तगरीचं झाड होतं त्यावर नेऊन टाकत. तीस वर्षं त्या असंच करत आल्या होत्या. ते झाड बारा महिने पांढऱ्या फुलांनी भरलेलं असे, आणि पहाटे त्याच्याखाली माश्यांची रिकामी, हलकी टरफलं पडलेली असत.

श्रावणात लवू दारात येऊ लागला.

लवू जॉबर, साच्यांवर माणसं लावणारा मुकादम. जयवंताच्या शेजारच्या गावचा. त्यानेच जयवंताला बदली कामगार म्हणून मिलमध्ये चिकटवलं होतं, ते उपकार घरात कुणी विसरलं नव्हतं. संपातही लवू सगळ्यांच्या बरोबर होता, मोर्चात घोषणा द्यायचा, चाळीच्या चौकातल्या बाकावर पाठ टेकून, दोन्ही हात बाकाच्या पाठीवर पसरून बसायचा आणि येणाऱ्याला बिडी द्यायचा. दारात येऊन तो बोलायचा मात्र हळू. चार खाती सुरू झालीत म्हणे. पहाटे पोलिसांची गाडी आत नेते, झोपणं आत, जेवण आत, पगार हातात. ज्याला जायचं त्याने आताच जावं, नंतर नावं कापणार आहेत.

आत गेलेल्यांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या चाळीतला सीताराम गेला होता. तिसऱ्या आठवड्यात आई आजारी म्हणून तो बाहेर आला, आणि लालबागच्या नाक्यावर त्याला गाठलं. हात दोन ठिकाणी मोडला. कुणी मारलं ते त्याने पोलिसांना सांगितलं नाही, कारण त्यातले अर्धे त्याच्याच पंगतीत जेवलेले होते. प्लास्टर घालून तो घरी आला तेव्हा त्याच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्या बांधलेल्या होत्या.

जयवंताला काही ठरवता येईना. तो दिवसभर गॅलरीत बसून चिमणीकडे बघायचा. कौसल्या त्याला काही म्हणत नव्हती. पण तिच्या मनात होतं की त्याने जावं. गावाहून पत्र आलं होतं, धाकट्याला ताप येतोय आणि तो तापात 'घरी जाऊया' म्हणतोय. संध्याकाळी ती पेज वाढायची आणि मनात म्हणायची, जा. तोंडाने कधी म्हणाली नाही. म्हटलं असतं, तर सीतारामाचा हात तिच्या डोळ्यांसमोर आला असता आणि तो हात मग जन्मभर तिच्या नावावर लागला असता.

गणपती झाल्यावर एक दिवस जयवंत म्हणाला, "कौल लावूया."

कोकणातली माणसं अडली की देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावून दोन फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर देवाने हो म्हटलं, डावं पडलं तर नाही. त्यांच्या गावकऱ्यांची एक खोली खालच्या मजल्यावर होती. बिनबायकांचे वीस-बावीस गडी तिथे राहत, आणि कोनाड्यात रवळनाथाची वीतभर काळी पाषाणाची मूर्ती होती. गुणाजी तात्या तिची पूजा करत. ते गुरवाच्या घरातले, पण उभा जन्म त्यांनी सूतखात्यात काढला होता. प्रश्न त्यांना सांगावा लागत नसे. विचारणाऱ्याने मनात धरायचा. जयवंताच्या ते पथ्यावरच पडलं. मुलांना गावाहून आणावं की नाही असं काहीतरी असेल, असं तात्या समजले.

फुलं आणायचं काम कौसल्येचं. कौलाची फुलं विकतची चालत नाहीत. त्यांच्यावर पाणी मारायचं नसतं, वास घ्यायचा नसतो, आणि झटकायचं तर नसतंच. देवाला विचारायला जाणारं फूल कुणी हलवलेलं नको. झाडावरून अलगद काढायचं, पानात ठेवायचं, तसंच नेऊन समोर ठेवायचं. कौसल्येने न्हाऊन देवळामागच्या तगरीची पाच फुलं काढली आणि केळीच्या पानात ठेवली. गेले चार महिने ओंजळ हाताशी आली की जे हात आपोआप हिसडायचे, ते तिने त्या सकाळी छातीशी घट्ट धरून ठेवले.

भर दुपारी खोलीत तिघंच होती. बाकीचे गडी मोर्चाला गेले होते. तात्यांनी मूर्ती पुसली, पानातली दोन फुलं उचलून दोन्ही खांद्यांवर लावली आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा रवळनाथा, ह्या लेकरान मनात काय एक धरल्यान हा, ताचो उजवो डावो निवाडो करून दी..." आणि जयवंत मान खाली घालून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होता.

कौसल्या फुलांकडे बघत होती. दोन्ही फुलं घट्ट बसली होती. बराच वेळ गेला. मग उजव्या फुलाच्या देठाशी, पाकळ्यांच्या मागून, एक पांढरा पाय बाहेर आला. मग दुसरा. ते दोन्ही पाय सावकाश पसरले आणि पाषाण चाचपू लागले. फूल एका बाजूने उचललं गेलं, क्षणभर तिरपं राहिलं, आणि खाली पडलं. पांढरी कुर्ली देवाच्या छातीवरून आडवी चालत गेली आणि पाठीमागे नाहीशी झाली.

तात्यांनी डोळे उघडले. "उजवो दिल्यान," ते म्हणाले. "मनातला काम कर जा."

कौसल्येच्या जिभेवर शब्द आले होते. तात्या, थांबा, फुलात कोळी होता. एवढंच म्हणायचं होतं. पण देवाने तेच सांगितलं होतं जे ती रोज पेज वाढताना म्हणत होती. तिने जयवंताकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने पडलेलं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि पदरात बांधलं.

बुधवारी पहाटे जयवंत लवूबरोबर गेला.

तिने शेजाऱ्यांना सांगितलं की मुलं आजारी म्हणून ते गावी गेलेत. कुणी जास्त विचारलं नाही, आणि ते तिला पहिल्याच दिवशी बरं वाटलं नाही. ती पहाटे दादरला जायची, दिवसभर देवळापाशी बसायची, आणि संध्याकाळी वर येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर आधी कान द्यायची. दार उघडण्याआधी कडीला हात लावून बघायची. रिकामी असली की श्वास सोडायची. गॅलरीत कुणी खोकलं तरी ती उठून बसायची. तिला दोन भित्या होत्या आणि त्या एकमेकींत गुंतल्या होत्या. एक माणसांची. दुसरी देवाची, जी माणसांच्या भीतीहून थंड होती. जयवंताला काही झालंच, तर ते देवाच्या शब्दावर होणार नव्हतं. ते तिच्या गप्प बसण्यावर होणार होतं.

"कौसल्ये," एकदा आनंदीबाई म्हणाल्या, "किती झटकशील? पाकळ्या गळाल्या, आता देठच ओवायचे का?"

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कडी रिकामी नव्हती. हिरव्या बांगड्या होत्या, नव्या कोऱ्या, काळ्या दोऱ्याने नीट बांधलेल्या. तिने मागे वळून पाहिलं. गॅलरीतली सगळी दारं लावलेली होती, आश्विनाच्या भर उकाड्यात.

तिला वाटलं आता कुणी शिव्या देईल, भांडी फेकील. तसं काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी ती नळावर गेली तेव्हा बायकांची रांग बाजूला झाली. कुणी बोललं नाही. तिला पुढे जायला वाट दिली, तिचा हंडा भरेपर्यंत सगळ्या थांबल्या, आणि ती गेल्यावर रांग पुन्हा जुळली. त्यानंतर रोज तसंच. लग्न झाल्यापासून ज्या नळावर तिने भांडून पाणी भरलं होतं, तिथे आता तिचा नंबर पहिला होता. हंडा भरताना पाण्याचा आवाज तेवढा यायचा, आणि मानेवर सगळ्यांची नजर. कौसल्येला रात्री ती वाट दिसायची, दोन्ही बाजूंनी उघडलेली, मऊ.

अष्टमीला लवू देवळापाशी आला. उद्या खंडेनवमी, साच्यांची पूजा आहे, झेंडूचे पंचवीस हार हवेत, म्हणाला. तूच घेऊन ये वैनी, नवऱ्याला बघशील. त्याने जाताना टोपलीतलं एक फूल उचलून खिशाला खोचलं.

कौसल्येने त्या पंचवीस हारांचं एकेक फूल झटकलं. नवमीला सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती गेटाशी गेली. पोलिसांनी टोपलीत काठी घालून बघितलं आणि तिला आत सोडलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण मिलच्या आत ती पहिल्यांदाच येत होती. साचेखातं म्हणजे जयवंताच्या तोंडून ऐकलेला खडखडाट. तिथे आता शंभर साच्यांमध्ये बारा-पंधरा चालू होते, आणि त्यांचा आवाज रिकाम्या घरात कुणी एकट्याने टाळ्या वाजवाव्या तसा येत होता. बाकीच्या साच्यांवर धूळ होती.

जयवंत तिला दिसेना. भिंतीशी रद्दी सुताचा ढीग होता, पांढरा, पुरुषभर उंच. ती त्याच्यापाशी टोपली उतरवायला वाकली आणि ढिगातून कुणीतरी म्हणालं, "कौसल्या."

तो तिथेच बसला होता, ढिगाला टेकून. केसांत कापसाचं तूस, भुवयांवर तूस, वाढलेल्या दाढीत तूस. ती चार हातांवर उभी होती आणि तिला तो दिसला नव्हता. टोपली तिथेच टेकवून ती खाली बसली.

तो मुलांचं विचारू लागला. बांगड्यांचं ऐकलंय म्हणाला. आपण आता बाहेर येऊ शकत नाही, आणि आत झोप येत नाही, म्हणाला. बरोबरचा एकजण रात्री झोपेत ओरडतो. ती ऐकत राहिली आणि मग मध्येच बोलली, कारण आत्ता नाही तर कधीच बोलणार नव्हती.

"कौल खोटो होतो. फुलात कुर्ली होती. तिना पाडल्यान. मी बघलंय आणि गप रवलंय."

जयवंताने साच्याच्या आवाजात तिचं बोलणं ऐकलं की नाही, तिला कळेना. त्याने डावा कान तिच्याकडे वळवला होता. मग तो म्हणाला, "माका दिसलेली ती."

"कधी?"

"तात्यांनी पान उघडल्यानी तेवाच. उजव्या फुलात बसलेली. तू बोललंस नाय, माका वाटला, तुका मी जावक व्हयो, म्हणान मीपण गप रवलंय."

दोघं त्या ढिगापाशी बसून राहिली. महिनाभर ती एका गोष्टीला एकटीने भ्याली होती, आणि तोही इथे त्याच गोष्टीला भ्याला होता, आणि मध्ये फक्त दहा मिनिटांचा रस्ता होता. आता ते कळल्यावर भीती अर्धी व्हायला हवी होती. ती झाली नाही. देवाचं नाव निघून गेलं आणि मागे ती दोघंच राहिली.

"चला," कौसल्या म्हणाली.

"खंय?"

"तात्यांकडे. आत्ता. दिवसाचे. कोणी काळोखात गाठूच्या आधी आपणच जावया."

गेटाशी लवू उभा होता. एक हात एका दाराला, दुसरा दुसऱ्या दाराला. त्याने तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. "वैनी, ह्येका भायर नेशात, तर गेटापलीकडे माझी हमी नाय. आणि परत घेऊचे नायत." कौसल्या त्याच्या हाताखालून वाकून बाहेर गेली. जयवंत क्षणभर थांबला. मग तोही वाकला.

हार साच्यांपाशी ठेवून रिकामी केलेली टोपली त्याने दोन्ही हातांत, छातीपुढे धरली होती, हात सगळ्यांना दिसावेत म्हणून. ऊन चढलं होतं. पहिल्या नाक्यापर्यंत कुणी नव्हतं. पानाच्या ठेल्यापाशी चौघं बसले होते, ते उठले. मागून चालू लागले. पुढच्या वळणावर आणखी काहीजण मिळाले. कौसल्या मागे बघत नव्हती. ती पावलं मोजत होती आणि पावलं वाढत होती. तिला वाटत होतं, जोवर कुणी धावत नाही तोवर ठीक आहे. धावण्याचा आवाज आला की मी मध्ये जाईन. तिने पदर कमरेला खोचला.

गल्लीच्या तोंडाशी मागून कुणीतरी अगदी प्रेमाने विचारलं, "काय जयवंता, गावासून कधी इलंस?"

जयवंत थांबला. वळला. "गावासून नाय," तो म्हणाला. "मिलीतसून."

एक हात पुढे आला आणि टोपली खाली पडली. तळाशी राहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या रस्त्यावर सांडल्या. दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरली. तो दौलत होता, जयवंताच्याच साच्यांच्या ओळीत शेजारी उभा राहणारा, त्याच्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढणारा. जयवंत कॉलरवरच्या त्या हाताकडे बघत होता. कौसल्या मध्ये शिरली.

देवळापाशी आनंदीबाई उठल्या. सावकाश आल्या, वाकून टोपली उचलली, पाकळ्या झटकल्या. "कुठे निघालात?" त्यांनी कौसल्येला विचारलं. तिने तात्यांच्या खोलीकडे हात केला. आनंदीबाई दौलतला म्हणाल्या, "देवाकडे चाललीत ती. जाऊ दे आधी. मग काय ते कर."

कौसल्येने ते 'मग काय ते कर' नीट ऐकलं. पण कॉलर सुटली.

तात्यांच्या दारात सगळे जमले. आत वीस गडी, बाहेर जिन्यापर्यंत माणसं. कौसल्येने सांगितलं. तगर, कुर्ली, उजवा खांदा, गप्प राहणं. तात्यांनी मूर्तीकडे पाहिलं. कोळ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी जयवंताला विचारलं, "मनात काय धरलेलंस?"

"आत जावक व्हया की नको, ता."

तात्यांचा चेहरा उतरला. रागाने नव्हे, कुणी त्यांच्या हातून न सांगता काही करून घ्यावं, तसा. "जा आपणाक ठावक असता," ते म्हणाले, "ता देवाक कित्याक इचारूचा?"

मग त्यांनी एक नारळ काढून जयवंताच्या ओंजळीत दिला आणि त्याला उंबऱ्यात उभं केलं. गावची रीत आहे ही. चुकलेल्याने दिवेलागणीपर्यंत नारळ धरून देवासमोर उभं राहायचं, पाठ सगळ्यांकडे. ज्याला काही करायचं असेल त्याला पाठ उघडी असते. जयवंत उभा राहिला. दुपार सरली. माणसं गेली नाहीत. जिन्यावर, चौकात बसून राहिली. कौसल्या भिंतीशी उभी राहून त्या उघड्या पाठीकडे आणि पाठीमागच्या हातांकडे आळीपाळीने बघत होती. कुणी बिडी काढायला हात खिशात घातला तरी ती भिंतीपासून एक पाऊल पुढे येत होती.

दिवा लागला. तात्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचं पहिलं शकल दौलतपुढे धरलं. दौलतने ते घेतलं नाही. तात्यांचा हात तसाच पुढे राहिला, म्हातारा हात, पण मागे गेला नाही. शेवटी दौलतने शकल घेतलं. खाल्लं नाही. खिशात टाकलं आणि तो निघून गेला.

त्या रात्री कुणी आलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. खरं सांगायचं तर कुणी कधीच आलं नाही. पण दौलतने ते शकल खाल्लं होतं की नाही हे तिला कळलं नव्हतं, आणि पुढे कित्येक वर्षं कौसल्या जिन्यावरच्या पावलांनी जागी होत राहिली.

संप संपला असं कुणी सांगितलं नाही. तो नुसता विरत गेला. मिलने जयवंताला परत घेतलं नाही आणि दौलतलाही घेतलं नाही. पुढे काही वर्षांनी मिलच बंद पडली, आणि आत राहिलेले, बाहेर राहिलेले, सगळे एकाच रस्त्यावर आले. जयवंत गिरगावातल्या एका दुकानावर वॉचमन झाला. मुलं परत आली, मोठी झाली. नळावरची रांग पुन्हा जुळली. एक दिवस कुणीतरी तिला "पाळी माझी आहे" म्हणून ढकललं, आणि ती खोलीत येऊन सुखाने रडली.

लवू चौकातल्या त्याच बाकावर हात पसरून बसायचा, पण शेजारी कुणी बसत नसे. तो गेला तेव्हा त्याच्या मुलीने हार कौसल्येकडूनच नेला. तिने तो बांधला. नेहमीसारखी फुलं झटकून.

गुणाजी तात्यांनी त्या दिवसानंतर फुलांचा कौल लावला नाही. कुणी फारच अडला तर तांदळाच्या दाण्यांनी लावत.

आज मिलच्या जागी काचेचा टॉवर आहे. त्यातल्या बायका चतुर्थीला गाडीतून उतरून कौसल्येकडे फुलं घेतात. आनंदीबाई गेल्या, जयवंतही गेला. देवळामागची तगर आहे. पडलेले कोळी कौसल्या अजून तिथेच नेऊन टाकते. मारत नाही. पण तिथे उभी असताना एखाद्या फुलावर माशी दिसली, की ती लांबूनच वाकून फुंकर मारते आणि थांबते. माशी उडाली तर कौसल्या परत आपल्या जागी येऊन बसते. नाही उडाली, तर त्या दिवशी लवकर घरी जाते.

कधी एखादी जुनी मालवणी बाई देवाला पाच तगरीची फुलं हवीत म्हणून येते आणि बजावते, झटकू नकोस गं, देवाची आहेत. कौसल्या मान हलवते. आणि बाई मारुतीला हात जोडायला वळली की पान उघडून प्रत्येक फूल गोणपाटावर एकदा, हलकेच, झटकून घेते.